मालवाहू की युद्धनौका? समुद्रावरील ओळखीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर

झाशी : समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या झाशी शहरात १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाई यांच्या जयंतीदिनी, पंतप्रधानांच्या हस्ते नौदलप्रमुखांकडे एक प्रणाली सुपूर्द करण्यात आली. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने विकसित केलेली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने तयार केलेली ही इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली युद्धनौकांसाठी आहे. समोरून येणाऱ्या जहाजाच्या वा क्षेपणास्त्राच्या रडारच्या लहरी टिपणे, ते रडार कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखणे आणि प्रसंगी ते निष्प्रभ करणे, हे तिचे काम. त्याच समारंभात झाशी येथे रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांची प्रणोदन यंत्रणा तयार करणाऱ्या भारत डायनॅमिक्स लिमिटेडच्या ४०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि उत्तर प्रदेश संरक्षण औद्योगिक मार्गिकेतील झाशीचे स्थान पक्के झाले.

समुद्रावरील संघर्षात शस्त्राआधी ओळखीचा प्रश्न येतो. क्षितिजावर दिसणारे जहाज मित्राचे, शत्रूचे की कोणाच्याच बाजूने नसलेल्या व्यापाऱ्याचे, याचा निर्णय काही मिनिटांत करावा लागतो. युद्धनौकेची बांधणी, तिचे रडार आणि तिचा ध्वज यांवरून ती ओळखता येते. परंतु सामान्य मालवाहू जहाजाच्या पोटात वा डेकवरील कंटेनरमध्ये शस्त्रे दडविलेली असतील आणि त्याचे रडार व्यापारी जहाजासारखेच चालत असेल, तर सर्वांत प्रगत प्रणालीलाही त्याची ओळख पटविणे कठीण जाते.

हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. इराणच्या क्रांतिकारी रक्षक दलाने मार्च २०२३ मध्ये ‘शहीद महदवी’ ही नौका सेवेत घेतली; ती मुळात कंटेनर वाहणारे व्यापारी जहाज होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच दलाने ‘शहीद बागेरी’ हे जहाज दाखल केले. तेही मूळचे कंटेनर जहाजच. त्यावर ड्रोन उडविण्यासाठी सुमारे १८० मीटर लांबीची धावपट्टी उभारण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये चीनमधील शांघायच्या एका गोदीतील मालवाहू जहाजाची छायाचित्रे जगभर प्रसृत झाली. त्याच्या डेकवर कंटेनरच्या आकाराचे क्षेपणास्त्र प्रक्षेपक ओळीने मांडलेले दिसत होते. विश्लेषकांनी त्यांतील प्रक्षेपण नळ्यांची संख्या ६० मोजली. कंटेनरमध्ये बसणारी क्षेपणास्त्र यंत्रणा रशियाने तर २०१० च्या सुमारासच संरक्षण प्रदर्शनात विक्रीसाठी मांडली होती.

व्यापारी जहाज युद्धासाठी वापरणे ही नवी गोष्ट नाही आणि ती स्वतःमध्ये बेकायदाही नाही. मात्र हे रूपांतर उघडपणे जाहीर करून होते की लपवून, यावर जगातील प्रत्येक निःशस्त्र खलाशाची सुरक्षितता अवलंबून आहे. भारताच्या सागरी इतिहासात या दोन्ही प्रकारांची उदाहरणे आहेत. त्यांतील एक झाशीच्या शेजारच्या ग्वाल्हेरशी आणि दुसरे थेट मुंबई-गोव्याच्या किनाऱ्याशी जोडलेले आहे.

ग्वाल्हेरची ‘लॉयल्टी’

१८८६ पर्यंत झाशी शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाकडे होता. त्याच वर्षी गादीवर आलेले महाराज माधवराव शिंदे यांनी पहिल्या महायुद्धाच्या आरंभी एक मोठे जहाज विकत घेतले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे टपाल व प्रवासी जहाज व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गावर अनेक वर्षे धावत होते. डिसेंबर १९१४ मध्ये त्याची खरेदी झाली. त्यावर रुग्णशय्या व शस्त्रक्रियेची सोय करण्यात आली आणि ‘लॉयल्टी’ या नावाने भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय जहाज म्हणून ते वापरात आले.

रुग्णालय जहाजाचा नियम स्पष्ट होता. त्याचे नाव शत्रूपक्षाला आधी कळवायचे, बाह्य भाग पांढरा रंगवायचा, रेडक्रॉसचा ध्वज फडकवायचा आणि त्यावरून शस्त्र वा लढते सैन्य न्यायचे नाही. या अटी पाळणाऱ्या जहाजावर हल्ला करणे निषिद्ध मानले जाई. जहाज युद्धसेवेत होते, पण त्याची भूमिका सर्वांना दिसेल अशी रंगविलेली होती आणि तीच त्याची ढाल होती.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच जहाज विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या रूपाने भारतीय मालकीच्या आधुनिक जहाजवाहतुकीने ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो, तो या सफरीच्या स्मरणार्थ. व्यापारातून युद्धसेवेत आणि युद्धसेवेतून पुन्हा व्यापारात असा या जहाजाचा प्रवास उघड नोंदींसह झाला.

मुंबईसमोरचे सुरुंग

त्याच महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्याने दुसरा प्रकारही अनुभवला. जर्मनीतील ब्रेमेन येथील हान्सा कंपनीची जहाजे भारताशी व्यापार करीत. या कंपनीच्या अनेक जहाजांच्या नावांचा शेवट ‘फेल्स’ या जर्मन शब्दाने होई. त्यांपैकी ‘वाख्टफेल्स’ हे मालवाहू जहाज जर्मन नौदलाने ताब्यात घेतले, त्यावर तोफा, पाणतीर आणि ४०० हून अधिक सुरुंग चढविले आणि त्याला ‘वुल्फ’ असे नाव दिले. तोफा जहाजाच्या कडेच्या पत्र्यांमागे दडलेल्या होत्या. वेळ येताच ते पत्रे खाली पडत. धुराडे आणि डोलकाठ्यांची उंची बदलून जहाजाचे रूप पालटता येई. टेहळणीसाठी एक लहान सागरी विमानही बरोबर होते. वेग मात्र जेमतेम ११ नॉट. युद्धनौकेशी सामना करण्याची त्याची क्षमता नव्हतीच. सामान्य मालवाहू दिसण्यावरच त्याचा सगळा भरवसा होता.

३० नोव्हेंबर १९१६ रोजी कील बंदरातून निघालेले हे जहाज फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबो आणि मुंबईच्या जलमार्गांवर सुरुंग पेरून निघून गेले. चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, पी अँड ओ कंपनीचे ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळ त्यांतील सुरुंगावर आदळून बुडाले. त्या वेळी ‘वुल्फ’ पॅसिफिक महासागरात पोहोचले होते. सुमारे ४५० दिवसांच्या सफरीनंतर, फेब्रुवारी १९१८ मध्ये, ते शेकडो युद्धकैद्यांसह जर्मनीला सुखरूप परतले.

या कारवाईची झळ कोणाला बसली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरची कामे करणारे कित्येक खलाशी रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील गावांतून येत. स्वयंपाकघर आणि भोजनगृहात गोव्याची माणसे असत. युद्ध युरोपीय सत्तांचे होते. जहाजाच्या पोटात कोळसा टाकणारा आणि डेकवर दोर ओढणारा माणूस भारतीय होता.

मुरगाव ते हिंदी महासागर

दुसऱ्या महायुद्धात हीच कंपनी पुन्हा भारतीय किनाऱ्याच्या इतिहासात आली. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हान्सा कंपनीच्या ‘एहरेनफेल्स’, ‘द्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ या तीन मालवाहू जहाजांनी पोर्तुगीज अमलाखालील, म्हणजे तटस्थ, गोव्याच्या मुरगाव बंदरात आश्रय घेतला. एक इटालियन जहाजही तेथे होते. ‘एहरेनफेल्स’वर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पुरविली जाते, असा ब्रिटिश गुप्तचरांचा संशय होता.

तटस्थ बंदरावर उघड हल्ला करणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतील, बहुतांशी वयाने प्रौढ आणि नागरी व्यवसायांत असलेल्या व्यक्तींना पाठविण्यात आले. त्यांचे वाहन होते ‘फीबी’ नावाचा गाळ वाहून नेणारा तराफा. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते ‘एहरेनफेल्स’वर चढले. झटापटीत जर्मन कप्तानासह काही जण मारले गेले. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडविली. एका बाजूला व्यापारी जहाज हेरगिरीच्या संशयाखाली आणि दुसऱ्या बाजूला नागरी तराफ्यावरून तटस्थ बंदरात छापा, असे या प्रकरणाचे स्वरूप होते. तटस्थता आणि नागरी ओळख या दोन्ही मर्यादा त्या रात्री ओलांडल्या गेल्या. ही मोहीम कित्येक वर्षे गुप्त राहिली.

‘एहरेनफेल्स’च्याच वर्गातील दोन जहाजांचा प्रवास अधिक रक्तरंजित ठरला. ‘गोल्डेनफेल्स’चे ‘अटलांटिस’ आणि ‘कांडेलफेल्स’चे ‘पिंग्विन’ असे सशस्त्र रूपांतर जर्मन नौदलाने केले. ‘अटलांटिस’ने कधी नॉर्वेचे, कधी सोव्हिएत संघाचे, कधी जपानचे, तर कधी नेदरलँड्सचे जहाज असल्याची बतावणी करीत २२ व्यापारी जहाजे बुडविली वा पकडली. ‘पिंग्विन’ला ८ मे १९४१ रोजी ब्रिटिश क्रूझर ‘कॉर्नवॉल’ने गाठले, तेव्हा ते नॉर्वेच्या एका मालवाहू जहाजाचे सोंग घेऊन चालले होते. ब्रिटिश कप्तानाने विमान पाठवून पडताळणी केली, वारंवार इशारे दिले आणि मगच मारा सुरू झाला. ‘पिंग्विन’मधील सुरुंगांचा स्फोट होऊन जहाज क्षणात फुटले. त्याच्या तळघरात २०० हून अधिक युद्धकैदी होते. पूर्वी पकडलेल्या ब्रिटिश जहाजांवरील भारतीय खलाशांचा त्यांत मोठा भरणा होता. त्यांतील बहुतेक जण सुटकेसाठी आलेल्या जहाजाच्याच तोफांनी मरण पावले.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगॉल’ या छोट्या नौकेनेही असाच सामना केला. डच तेलवाहू जहाज ‘ओंदिना’ला सोबत करीत असताना तिच्यासमोर ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही दोन जपानी जहाजे आली. दोन्ही १०,००० टनांहून मोठी, मूळची माल व प्रवासी वाहणारी आणि तोफा-पाणतीरांनी सज्ज केलेली. सुमारे ६५० टनांच्या ‘बेंगॉल’जवळ एकच मुख्य तोफ होती. तरीही चकमकीत ‘होकोकू मारू’ स्फोट होऊन बुडाले आणि ‘बेंगॉल’ व ‘ओंदिना’ दोन्ही बचावल्या. व्यापारी सांगाड्यावर तोफा चढविल्या, तरी युद्धनौकेचे संरक्षण त्याला मिळत नाही, हेही या चकमकीने दाखविले.

मुंबईत मशीद बंदर परिसरातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात सागरात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील नौदल आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे साडेसहा हजार मृत खलाशांच्या नावांची नोंदही राष्ट्रकुल युद्धस्मारकांत आहे. त्यांची थडगी नाहीत. समुद्र हीच त्यांची समाधी.

१९७१ चा अनुभव

स्वतंत्र भारतानेही नागरी नौका युद्धसेवेत आणल्या आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात कलकत्ता बंदर न्यासाच्या दोन नौकांवर गार्डन रीच येथे ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसविण्यात आल्या. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या नावांनी त्या मुक्तिवाहिनीच्या नौदलाला मिळाल्या. या दलाचे नेतृत्व कमांडर मोहन नारायण सामंत या मराठी अधिकाऱ्याकडे होते. पुढे त्यांना महावीर चक्राने गौरविण्यात आले.

डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय नौदलाची ‘पणवेल’ ही नौका आणि या दोन नौका खुलन्याच्या दिशेने निघाल्या. वरून मित्रविमानांना ओळख पटावी म्हणून त्यांच्यावर पिवळी खूण करण्यात आली होती. तरीही १० डिसेंबर रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी गैरसमजातून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ यांच्यावर मारा केला. दोन्ही नौका पेटल्या. ‘पलाश’च्या इंजिनकक्षातील मोहम्मद रुहुल अमीन यांना या लढाईत वीरमरण आले, बांगलादेशाने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ या सर्वोच्च शौर्यपदवीने मरणोत्तर सन्मानित केले. खूण ठरलेली आणि कळविलेली असूनही ओळख चुकू शकते, हा त्या दिवसाचा धडा. मग जेथे खूणच मुद्दाम पुसलेली असते, तेथे चुकीची शक्यता किती वाढते, हे वेगळे सांगावयास नको.

कायदा काय सांगतो

खासगी सशस्त्र जहाजांना लुटीचा परवाना देण्याची प्रथा १८५६ च्या पॅरिस घोषणेने बंद झाली. त्यानंतर व्यापारी जहाजांच्या लष्करी रूपांतराचे नियम १९०७ च्या हेग परिषदेतील सातव्या कराराने ठरविले. त्यानुसार असे जहाज संबंधित राष्ट्राच्या थेट अधिकाराखाली आणि जबाबदारीवर असले पाहिजे. त्यावर युद्धनौकेची बाह्य चिन्हे असावीत. कप्तान राष्ट्राच्या सेवेतील नियुक्त अधिकारी असावा, चालकदल लष्करी शिस्तीखाली असावे, युद्धाचे नियम पाळले जावेत आणि रूपांतर झाल्याचे शक्य तितक्या लवकर युद्धनौकांच्या यादीत जाहीर करावे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारातील युद्धनौकेची व्याख्याही याच धर्तीवर बेतलेली आहे. भारताने तो करार १९९५ मध्ये अनुसमर्थित केला.

या नियमांत एक जुनी फट मात्र राहिली. शत्रूला चकविण्यासाठी परकीय ध्वज लावण्याची युक्ती सागरी युद्धाच्या परंपरेत मान्य होती. मारा करण्यापूर्वी खरा ध्वज चढविला की पुरे, असे मानले जाई. ‘वुल्फ’ आणि ‘अटलांटिस’ यांनी याच सवलतीचा लाभ घेतला. तोफेच्या काळात दोन्ही जहाजे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात असत आणि ध्वज बदललेला निदान दिसत तरी असे. शेकडो किलोमीटर पल्ल्याचे क्षेपणास्त्र सुटते, तेव्हा ते सोडणाऱ्या जहाजावर कोणता ध्वज चढला, हे पाहण्यास लक्ष्याजवळ कोणीही नसते. त्यामुळे ध्वजाचा नियम कागदावर पाळूनही त्याचा हेतू विफल होऊ शकतो.

दुसरीकडे, शत्रूच्या लष्करी कारवाईत प्रत्यक्ष सहभागी होणारे व्यापारी जहाज लष्करी लक्ष्य ठरते, हे तत्त्व १९९४ च्या सॅन रेमो नियमावलीतही नमूद आहे. म्हणजे शस्त्रे लपविणारे जहाज स्वतः संरक्षण गमावतेच. त्याहून गंभीर बाब ही, की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर सर्व जहाजांवरही ते संशय ओढवून घेते. जगाच्या सागरावर सारख्याच आकाराचे, सारख्याच रंगाचे लक्षावधी कंटेनर रोज फिरत असताना हा संशय किती दूर पसरेल, याची कल्पना करता येते.

तांबड्या समुद्रातून आलेला इशारा

अलीकडच्या घटना याच दिशेने बोट दाखवितात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारी वाहून नेणारे जहाज पळविले. त्याचे २५ कर्मचारी जानेवारी २०२५ मध्ये सुटले. जहाज मात्र तेथेच राहिले आणि जुलै २०२५ मध्ये इस्रायलने त्यावर हवाई हल्ला केला. इतर जहाजांच्या हालचाली टिपण्यासाठी त्यावर रडार बसविले असल्याचे कारण इस्रायलने दिले. त्यापूर्वी एप्रिल २०२१ मध्ये, तांबड्या समुद्रात दीर्घकाळ नांगरून राहिलेल्या ‘साविझ’ या इराणी मालवाहू जहाजावर स्फोट झाला होता. कागदोपत्री ते मालवाहू होते. प्रत्यक्षात तो टेहळणी तळ असल्याचा आरोप होत असे.

भारतीय नौदलासमोर हा प्रश्न मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळविलेले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पुढील लुटीसाठी तळ म्हणून वापरले जात होते. चाच्यांनी भारतीय युद्धनौकेवर गोळीबारही केला. ‘आयएनएस कोलकाता’ने त्याला रोखून धरले, हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरविण्यात आले आणि सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले. जहाजावरील १७ कर्मचारी सुखरूप सुटले. गोळीबार होत असलेले जहाज बुडविणे सोपे होते. आत ओलीस असल्याने संयमाने ते ताब्यात घेणे अवघड होते. ‘पिंग्विन’च्या तळघरातील कैद्यांच्या वाट्याला जे आले, ते येथे टळले. चाच्यांना पुढे मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.

नागरी जहाजांवरील हल्ल्यांची झळही भारताने सोसली आहे. २३ डिसेंबर २०२३ रोजी मंगळुरूकडे येणाऱ्या ‘केम प्लूटो’ या रसायनवाहू जहाजावर गुजरात किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळला. चालकदलात बहुतांश भारतीय होते. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर झालेल्या क्षेपणास्त्र हल्ल्यात तीन खलाशी ठार झाले, उरलेल्या कर्मचाऱ्यांना ‘आयएनएस कोलकाता’ने वाचविले.

भारतासमोरील मार्ग

भारताचा सुमारे ९५ टक्के परकीय व्यापार, परिमाणाने मोजल्यास, समुद्रमार्गे होतो. जगातील खलाशांत भारतीयांचा वाटा सुमारे १२ टक्के आहे. मात्र हा माल वाहणारी जहाजे प्रामुख्याने परदेशी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे बोलताना पंतप्रधानांनी हे चित्र आकड्यांत मांडले होते : पाच दशकांपूर्वी देशाचा ४० टक्के व्यापार स्वदेशी जहाजांतून होत असे, आता तो अवघा ५ टक्क्यांवर आला असून परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास सहा लाख कोटी रुपये, मोजावे लागतात. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली.

या दोन वस्तुस्थिती एकत्र पाहिल्या, तर भारताचे हित कोठे आहे हे स्पष्ट होते. मालवाहू आणि युद्धनौका यांतील सीमारेषा पुसली गेली, तर सर्वाधिक धोका ज्यांचे खलाशी जगाच्या जहाजांवर विखुरलेले आहेत आणि ज्यांचा माल इतरांच्या जहाजांतून येतो, त्या देशांना. त्याची किंमत किनाऱ्यापुरती राहत नाही. संशयाच्या वातावरणात विम्याचे दर वाढतात, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जातात आणि त्याचा भार बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यापर्यंत आणि झाशीच्या बाजारातील खाद्यतेलापर्यंत पोहोचतो.

यास्तव तीन पातळ्यांवर विचार आवश्यक ठरतो. पहिली पातळी पाळतीची. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेचे अपहरण करून किनाऱ्याजवळ आले होते. त्यानंतर देशाने किनारी सुरक्षेची फेररचना केली. २०१८ मध्ये गुरुग्राम येथे हिंदी महासागर क्षेत्रासाठी माहिती संकलन केंद्र सुरू झाले आणि अनेक मित्रदेशांचे संपर्क अधिकारी तेथे काम करू लागले. मोठ्या जहाजांना स्वयंचलित ओळख यंत्रणा बंधनकारक असली, तरी ती बंद करता येते आणि तीत खोटी माहितीही भरता येते. म्हणून जहाजाच्या संदेशाबरोबरच त्याची मालकी, मागील बंदरे, मालाची कागदपत्रे आणि उपग्रहचित्रे जुळवून पाहणारी व्यवस्थाच उपयोगी पडेल. झाशीत सुपूर्द झालेल्या प्रणालीसारखी साधने या साखळीतील एक कडी आहेत. लहरी कोणत्या रडारच्या, हे त्या सांगू शकतात. जहाजामागचा हेतू कागदपत्रे आणि माणसांनीच शोधावा लागतो.

दुसरी पातळी स्वतःच्या तयारीची. संकटकाळी भारतालाही व्यापारी जहाजांची गरज भासेल. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे कंटेनर जहाज अल्पावधीत सज्ज करून हेलिकॉप्टर आणि रसद नेण्यासाठी धाडले. पुरेशी संरक्षक यंत्रणा नसलेल्या या जहाजावर २५ मे १९८२ रोजी क्षेपणास्त्रे आदळली. १२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत त्याचे नागरी कप्तानही होते. घाईने केलेल्या रूपांतराची ही किंमत होती. कोणती भारतीय जहाजे कोणत्या कामासाठी घेता येतील, त्यांचे डेक किती भार पेलतील, त्यांवरील नागरी खलाशांचा दर्जा, विमा आणि भरपाई काय असेल, हे शांततेच्या काळातच निश्चित झाले पाहिजे. अर्थात त्यासाठी मुळात भारतीय ध्वजाखालील जहाजे पुरेशी असावी लागतील. म्हणूनच जहाजबांधणीच्या नव्या योजनांकडे रोजगार आणि परकीय चलन यांच्या पलीकडे जाऊन, राष्ट्रीय सुरक्षेच्या अंगानेही पाहणे योग्य ठरेल.

तिसरी पातळी नियमांची. हेग करार झाला तेव्हा कंटेनर नव्हता, ड्रोन नव्हता आणि क्षेपणास्त्रही नव्हते. जहाजाच्या रूपांतराची आगाऊ घोषणा, शस्त्रसज्ज कंटेनरवर ठळक चिन्ह आणि परकीय ध्वजाखाली क्षेपणास्त्र डागण्यास पूर्ण मनाई, या मुद्द्यांवर आंतरराष्ट्रीय सहमतीची गरज आहे. मोठ्या संख्येने खलाशी पुरविणारा देश म्हणून भारताचा या विषयावरील आवाज वजनदार ठरू शकतो. फिलिपिन्ससारख्या इतर खलाशी पुरविणाऱ्या देशांची साथही त्यासाठी मिळू शकते.

लपविलेले शस्त्र बाळगणाऱ्या राष्ट्राला त्यातून काही काळ लाभ होतो, हे ‘वुल्फ’ने दाखविले. पण त्या लाभाची किंमत ‘मंगोलिया’तील प्रवाशांनी आणि ‘पिंग्विन’च्या तळघरातील भारतीय खलाशांनी चुकविली. आजही रत्नागिरी, रायगड आणि गोव्याच्या घरांतून तरुण जहाजावर जातात. त्यांच्या जहाजाकडे पाहणाऱ्या परक्या नौदलाच्या अधिकाऱ्याला ते मालवाहूच आहे अशी खात्री वाटली पाहिजे. ती खात्री टिकविण्यासाठी लागणारी पाळत, तयारी आणि कायदा या तिन्ही बाबतींत भारताला पुढाकार घेण्याचे कारण आणि अधिकार दोन्ही आहेत.